फोल्डर उघडत नाही म्हणून लगेच फॉरमॅट मारू नका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या पेपरात नवीन मोबाईल, त्याचा कॅमेरा, एआय याबद्दल बरंच छापून येतं आणि लोक ते आवडीने वाचतात, पण घरातल्या आणि छोट्या ऑफिसातल्या डेस्कटॉपबद्दल कुणी काही लिहीत नाही, म्हणून हे पत्र. थोडं लांबलंय पण शक्यतो पूर्ण छापा ही विनंती. मी तालुक्याच्या गावी बरीच वर्षं कॉम्प्युटर दुरुस्तीचं काम करतो. पतसंस्था, डीटीपीवाले, शाळा, वकील, सोसायटीचे सेक्रेटरी, घरचे कॉम्प्युटर, सगळं येतं माझ्याकडं. आणि तक्रार बऱ्याचदा एकच असते, फोल्डर उघडायला गेलं की गोल फिरत राहतं, खिडकी पांढुरकी पडते, वर नॉट रिस्पॉन्डिंग येतं आणि मग खालचा टास्कबार पण दाबला जात नाही. तक्रार सांगता सांगता गिऱ्हाईक उपाय पण स्वतःच सांगतं, "फॉरमॅट मारून टाका". फॉरमॅट म्हणजे डिस्क पुसून विंडोज नव्याने टाकणं, आणि हा उपाय आपल्याकडं इतका अंगवळणी पडलाय की त्याच्यापायी लोकांचा वर्षानुवर्षांचा डाटा जातोय, आणि बहुतेक वेळा तो जायची काही गरजच नसते, हे मला अगदी पोटतिडकीने सांगायचंय.

आमच्या भागातल्या एका निवृत्त गुरुजींनी गावातल्या देवळाचे जुने कागद, मोडीतली पत्रं, जत्रेचे जुने फोटो असं सगळं घरोघरी फिरून गोळा केलं आणि स्कॅन करून ठेवलं होतं. सगळं डेस्कटॉपवर, फोल्डरमध्ये फोल्डर करून. एक दिवस फोल्डर उघडेनात, त्यांनी सीपीयू उचलून एका दुकानात नेला, संध्याकाळी नवीन विंडोज टाकून परत मिळाला. डेस्कटॉप म्हणजे, विंडोज जिथं असतं त्या सी ड्राइव्हच्याच पोटातलं एक फोल्डर असतं, सी फॉरमॅट झाला की डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स, डाऊनलोड्स सगळं त्याच्याबरोबर जातं, हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं आणि दुकानात विचारलंही नाही. त्यात सी ड्राइव्ह एसएसडीवर, म्हणजे फिरणारी तबकडी नसलेल्या, चिपवर चालणाऱ्या नव्या डिस्कवर. एसएसडी फॉरमॅट केली की विंडोज तिला सांगून टाकतं की ही सगळी जागा आता रिकामी समज, आणि ती आतल्या आत जुनं पुसायला लागते, त्यामुळं जुन्या हार्ड डिस्कवरून जसा डाटा कधीकधी परत काढता येतो तसा तिथून निघणं जवळपास अशक्य असतं. वाईट याचं वाटतं की घरी नेल्यावर चारच दिवसांत फोल्डर पुन्हा तसंच हँग व्हायला लागलं. मागच्या बाजूला कायम लावून ठेवलेली एक जुनी यूएसबी हार्ड डिस्क खराब होत आली होती, तिची वाट बघत सगळं थांबायचं. ती केबल काढली आणि कॉम्प्युटर सुरळीत चालू झाला. कागद मात्र गेले ते गेलेच, मूळ कागद ज्यांचे होते त्यांना गुरुजींनी केव्हाच परत केले होते.

आता हे हँग होणं म्हणजे नक्की काय ते सांगतो. विंडोजमध्ये फोल्डर दाखवणारा जो प्रोग्रॅम आहे, फाईल एक्सप्लोरर, तोच डेस्कटॉपवरचे आयकॉन आणि खालचा टास्कबार पण सांभाळतो. १९९५ साली विंडोज ९५ आलं तेव्हापासून साधारण अशीच रचना आहे, नाव तेवढं विंडोज ८ पासून विंडोज एक्सप्लोररचं फाईल एक्सप्लोरर झालं. म्हणून एक फोल्डर अडकलं की कधीकधी टास्कबारही अडकतो आणि माणसाला वाटतं की अख्खा कॉम्प्युटरच गेला. एखादी खिडकी ५ सेकंद काहीच उत्तर देईना की विंडोज तिच्यावर नॉट रिस्पॉन्डिंगचा शिक्का मारतं. याचा अर्थ तो प्रोग्रॅम बंद पडला असा होत नाही, तो कशाची तरी वाट बघत उभा आहे एवढाच होतो. खिडकीवरच्या कारकुनाने आतल्या गोडाऊनमधल्या माणसाला हाक मारलीय, तो काही ओ देत नाहीये आणि इकडं रांग तशीच उभी, असं समजा. खिडकी पाडून नवीन बांधल्याने गोडाऊनमधला माणूस ओ देणार नाही. म्हणून पहिला प्रश्न हाच विचारायचा की एक्सप्लोरर वाट कुणाची बघतोय.

तात्पुरतं मोकळं व्हायचं असेल तर कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तिन्ही बटणं एकदम दाबा, टास्क मॅनेजर उघडतो. यादीत विंडोज एक्सप्लोरर शोधा, त्याच्यावर राईट क्लिक करून रिस्टार्ट म्हणा. स्क्रीन क्षणभर मोकळी होते, आयकॉन आणि टास्कबार गायब होतात आणि परत येतात, घाबरायचं काही कारण नाही. तुमचं उघडं असलेलं वर्ड, टॅली, ब्राऊझर याला धक्का लागत नाही, फक्त फोल्डरच्या खिडक्या बंद होतात. एक गोष्ट मात्र आधी बघायची, त्या वेळी कुठली कॉपी चालू असेल, म्हणजे पेनड्राइव्हवर वगैरे, तर ती कॉपी याच प्रोग्रॅममधून चाललेली असते त्यामुळं ती मधेच तुटते, मग हिरवी पट्टी जरा जरी पुढं सरकत असेल तर थांबा. विंडोज ७ अजून वापरणारे पण आहेत, त्यांच्याकडं हे रिस्टार्ट नसतं, तिथं एक्सप्लोररला एंड प्रोसेस करायचं आणि त्याच टास्क मॅनेजरच्या फाईल मेनूतून न्यू टास्क घेऊन परत एक्सप्लोरर टाईप करायचं. पण कृपा करून पॉवरचं बटण दाबून धरून बंद करू नका, तो शेवटचा उपाय. विंडोजची डिस्कवर फाईली ठेवायची जी एनटीएफएस पद्धत आहे ती फाईलींची नोंदवही सावरून घेते, पण अर्धवट लिहिलेल्या फाईलच्या आतला मजकूर सावरत नाही, आणि पेनड्राइव्ह तर बहुतेक फॅट ३२ किंवा एक्सफॅटचे असतात, तिथं ती नोंदवहीची सोयही नाही.

हे झालं तात्पुरतं. दुसऱ्या दिवशी परत हँग झालं तर शोध घ्यायलाच पाहिजे, आणि त्यासाठी मला सगळ्यात जास्त उपयोगी पडलेली युक्ती सांगतो, ती फुकट आहे आणि तिला काही डाऊनलोड करावं लागत नाही. स्टार्टमध्ये सीएमडी टाईप करा, काळी खिडकी उघडेल, ज्या फोल्डरवर अडकतंय त्या फोल्डरमध्ये जा आणि डीआयआर असं लिहून एंटर मारा. काळ्या खिडकीत फाईलींची यादी धडाधड आली तर तुमची डिस्क त्या फोल्डरपुरती तरी उत्तर देतेय, डाटा जागेवर आहे, अडचण फक्त एक्सप्लोररच्या वरच्या थाटामाटात आहे, म्हणजे छोटी चित्रं, राईट क्लिकचे मेनू, असलं काहीतरी. आणि काळी खिडकी पण तशीच थांबून राहिली तर मात्र अडचण खाली आहे, डिस्क, केबल नाहीतर नेटवर्क. एवढ्या एका चाचणीने अर्धं काम होतं आणि ती करायला मिनिटसुद्धा लागत नाही, तरी दुकानात ती करताना मी फार कमी लोकांना बघितलंय. मराठी नावाच्या फाईली तिथं चौकोन चौकोन दिसतील, त्याने गोंधळू नका, त्या काळ्या खिडकीला देवनागरी नीट दाखवता येत नाही एवढंच, फाईल शाबूत असते.

दुसरं, हँग कधी होतं ते बघायचं. नेहमी होतं की एकाच फोल्डरवर, उघडताना होतं की राईट क्लिक केल्यावर, फोन लावल्यावरच होतं का, ऑफिसचं नेट गेलं की होतं का. गिऱ्हाईकाने ही एवढी माहिती कागदावर लिहून आणली तर आमचं निम्मं काम झालेलं असतं, पण येणारा माणूस फक्त "हँग होतंय" म्हणतो आणि आम्ही पण पुढं विचारत नाही.

फोनचं आधी सांगतो कारण हल्ली ते फार वाढलंय. फोन केबलने लावला, आत व्हॉट्सॲपच्या फोटोंचं फोल्डर उघडलं, की वर हिरवी पट्टी हळूहळू सरकत राहते आणि माणूस वैतागून चारपाच वेळा क्लिक करतो, मग सगळंच अडकतं. फोन हा पेनड्राइव्हसारखा ड्राइव्ह म्हणून जोडला जात नाही, तो एमटीपी नावाच्या पद्धतीने जोडला जातो, त्यात कॉम्प्युटरने एकेका फाईलची माहिती मागायची आणि फोनने ती द्यायची असा कारभार असतो, आणि एका वेळी एकच काम. गुड मॉर्निंगचे, लग्नाचे, हळदीकुंकवाचे हजारो फोटो एका फोल्डरमध्ये साचलेले असले तर वेळ लागणारच. कॉम्प्युटर बिघडलेला नसतो. ते फोल्डर उघडूच नका, त्याच्या बाहेर राहून अख्खं फोल्डर कॉपी करा आणि दुसऱ्या कामाला जा, किंवा फोनमध्येच त्याची झिप करून एकच मोठी फाईल आणा, फार पटकन होतं. आणि फोन लॉक असला किंवा फाईल ट्रान्सफर निवडलेलं नसलं तर काहीच दिसणार नाही, त्यात काही बिघाड नाही.

राईट क्लिकवर अडकत असेल तर जवळपास खात्रीने बाहेरच्या कुठल्यातरी प्रोग्रॅमचं काम असतं. आपण झिपचा प्रोग्रॅम टाकतो, अँटीव्हायरस टाकतो, पीडीएफ जोडणारा, क्लाऊडचा, ग्राफिक्स कार्डवाल्याचा, असे सगळे आपापली एकेक ओळ राईट क्लिकच्या मेनूत घुसवतात. ही ओळ दाखवणारा तुकडा एक्सप्लोररच्या आतच चालतो, त्यामुळं तो अडकला की एक्सप्लोरर अडकतो आणि शिव्या विंडोजला बसतात. विंडोज ११ मध्ये राईट क्लिकला आधी छोटा मेनू येतो आणि जुने तुकडे शो मोअर ऑप्शन्सच्या आत गेलेत, म्हणजे तिथं क्लिक केल्यावरच अडकत असेल तर दोषी कुठं बसलाय ते तिथंच कळतं. निरसॉफ्टचा शेलएक्सव्ह्यू म्हणून छोटासा फुकट प्रोग्रॅम आहे, तो हे सगळे तुकडे यादी करून दाखवतो, त्यातले मायक्रोसॉफ्टचे सोडून बाकीचे बंद करायचे, एक्सप्लोरर रिस्टार्ट करायचा, आणि मग एकेक करून परत चालू करत बघायचं. वेळखाऊ आहे खरं, पण फॉरमॅट मारून, विंडोज टाकून, ड्रायव्हर टाकून, प्रिंटर लावून, श्रीलिपी आणि कोरल परत बसवून जो दिवस जातो त्याच्यापेक्षा कमीच वेळ लागतो. आणि फॉरमॅटनंतर तोच झिपचा प्रोग्रॅम तुम्ही परत टाकणारच आहात, मग परत तेच.

ऑफिसमध्ये मुख्य कारण नेटवर्क. जुना सर्व्हर काढून टाकलेला असतो किंवा शेजारच्या टेबलावरचा कॉम्प्युटर बंद असतो, पण इकडं त्याचं फोल्डर झेड ड्राइव्ह म्हणून मॅप केलेलं, म्हणजे जोडून ठेवलेलं, तसंच असतं. धिस पीसी उघडलं की एक्सप्लोरर त्या झेडला शोधायला जातो आणि उत्तर येईपर्यंत ताटकळतो. त्या ड्राइव्हवर लाल फुली दिसत असेल तर राईट क्लिक करून डिस्कनेक्ट करा, काम संपलं. अशीच गत क्विक ॲक्सेसची, तिथं अलीकडच्या फाईली दाखवतात, त्यात कधीकाळी नेटवर्कवरून किंवा काढून ठेवलेल्या पेनड्राइव्हवरून उघडलेल्या फाईली असतात. कंट्रोल पॅनेलमध्ये फाईल एक्सप्लोरर ऑप्शन्स आहे, एक्सप्लोरर उघडत नसला तरी ते बहुतेक वेळा उघडतं, तिथं ओपन टू मध्ये धिस पीसी निवडायचं आणि खाली हिस्टरी क्लिअर करायची. कितीतरी कॉम्प्युटर माझ्याकडं एवढ्यावर चालू झालेत. वनड्राइव्ह, म्हणजे फाईली नेटवर ठेवायची मायक्रोसॉफ्टची सोय, चालू असेल तर अजून एक बघा, फाईलपुढं ढगाचं चित्र असेल तर ती फाईल तुमच्या कॉम्प्युटरवर नसतेच, उघडताना नेटवरून येते, आणि आमच्याकडं नेट कसं आहे ते सगळ्यांना माहितीये.

फाईलच्या जागी दिसणाऱ्या छोट्या चित्रांचं, म्हणजे थंबनेल्सचं, थोडक्यात. अर्धवट डाऊनलोड झालेला किंवा खराब झालेला एखादा व्हिडिओ फोल्डरमध्ये पडलेला असतो, त्याचं चित्र काढायच्या नादात एक्सप्लोरर अडकतो. त्याच ऑप्शन्समध्ये व्ह्यूला ऑलवेज शो आयकॉन्स, नेव्हर थंबनेल्स यावर टिक करा, फोल्डर उघडलं तर दोषी सापडला, मग तो व्हिडिओ बाहेर काढा आणि टिक परत काढून टाका. डाऊनलोड्स फोल्डर हळू उघडत असेल तर त्याच्या प्रॉपर्टीजमध्ये कस्टमाईज मध्ये जाऊन जनरल आयटम्स करा, तिथं पिक्चर्स किंवा व्हिडिओज झालेलं असतं, म्हणून ते प्रत्येक फाईलच्या आत डोकावत बसतं.

आता ज्याच्यासाठी हे पत्र खरं लिहिलं ते, म्हणजे डिस्कच मरायला लागलेली असते तेव्हाचं. वर सांगितलेली काळ्या खिडकीची चाचणी थांबून राहिली, टास्क मॅनेजरमध्ये काही काम चालू नसताना डिस्क १०० टक्के दाखवतेय, जुनी फिरणारी हार्ड डिस्क असेल तर आतून टकटक आवाज येतोय, असं काही दिसलं तर तिथून पुढचं प्रत्येक मिनिट महत्त्वाचं असतं. स्टार्टमध्ये इव्हेंट व्ह्यूअर म्हणून असतं, त्यात विंडोज लॉग्जमध्ये सिस्टीम उघडा. तिथं डिस्क या नावाने ७ नंबरची नोंद असेल तर डिस्कवर खराब जागा सापडलीय असं विंडोज स्वतः लिहून ठेवतंय, १५३ नंबर असेल तर वाचायचा प्रयत्न परत परत करावा लागतोय. तिथंच शेजारी ॲप्लिकेशनमध्ये १००२ नंबर म्हणजे हँग झाल्याची नोंद आणि १००० नंबर म्हणजे क्रॅश झाल्याची नोंद, आणि या १००० च्या नोंदीत फॉल्टिंग मॉड्यूल म्हणून कुठल्या तुकड्याने घात केला त्याचं नावसुद्धा असतं. एवढं सगळं कॉम्प्युटर लिहून ठेवतो आणि आपण ते न वाचताच पुसून टाकतो, याचा मला खरंच राग येतो. क्रिस्टलडिस्कइन्फो हा फुकट प्रोग्रॅम डिस्कची तब्येत दाखवतो, निळा गुड असेल तर बरं, पिवळा कॉशन आला आणि रिअलोकेटेड किंवा पेंडिंग सेक्टर, म्हणजे डिस्कवरच्या खराब किंवा संशयित जागा, शून्याच्या वर दिसले तर ती डिस्क कामातून गेली समजा आणि सगळ्यात आधी डाटा बाहेर काढा.

इथं लोक काय करतात, तर कुठंतरी बघून चेकडिस्क हा विंडोजचाच डिस्क तपासणारा प्रोग्रॅम लावतात, ते पण पूर्ण डिस्क तपासणारं, रात्रभर. चेकडिस्क वाईट नाही, चांगल्या डिस्कवर नोंदवही दुरुस्त करायला ते उत्तम आहे, पण मरायला टेकलेल्या डिस्कवर ते काना-कोपरा वाचत बसतं आणि जो थोडा जीव उरलाय तो त्यातच जातो. आधी कॉपी, मग तपासणी. कॉपी करताना पण एक्सप्लोररने करू नका, तो एका खराब फाईलवर अडकून बसेल. विंडोजमध्येच रोबोकॉपी म्हणून कमांड आहे, ती काळ्या खिडकीतून चालते, पण तिला सांगावं लागतं की अडलेल्या फाईलसाठी एकदाच परत प्रयत्न कर आणि एकच सेकंद थांब, त्यासाठी शेवटी स्लॅश आर कोलन १ आणि स्लॅश डब्ल्यू कोलन १ लिहायचं. न सांगितलं तर ती एकेका फाईलसाठी १० लाख वेळा प्रयत्न करते आणि दर वेळी ३० सेकंद थांबते, म्हणजे पहिल्याच खराब फाईलवर कायमची अडकली. आणि आधी काय काढायचं ते ठरवा, सिनेमे आणि गाणी नंतर, आधी फोटो, कागदपत्रं, टॅलीचा डाटा, सोसायटीचे हिशोब. विंडोजच चालू होत नसेल तर उबुंटूचा, म्हणजे विंडोजऐवजी चालणाऱ्या फुकट लिनक्सचा, पेनड्राइव्ह करून त्यावरून कॉम्प्युटर चालू करता येतो आणि डाटा बाहेर काढता येतो, त्यासाठी काही इन्स्टॉल करावं लागत नाही. टकटक आवाज येत असेल तर मात्र हे घरगुती प्रयत्न पण नकोत, बंद करा आणि डाटा काढून देणाऱ्या जाणकाराकडंच द्या.

फॉरमॅट मारल्यावर थोडे दिवस बरं चालतं हे खरं आहे आणि तिथंच लोक फसतात. खराब डिस्कवर विंडोज नवीन टाकलं की त्याच्या फाईली डिस्कच्या दुसऱ्या, अजून चांगल्या असलेल्या जागेवर जाऊन बसतात आणि वाचायला डाटाही उरलेला नसतो, म्हणून सगळं हलकं वाटतं. मग थोड्या दिवसांनी परत सुरू. तोपर्यंत डाटा गेला, मजुरी गेली आणि डिस्क अजून तीच. गुंता विंडोजच्या फाईलींचाच असेल तर त्या तपासून दुरुस्त करणारी एसएफसी स्कॅननाऊ ही कमांड आहे, त्याच्या आधी डीआयएसएमची रिस्टोअर हेल्थ आहे, त्यांनीही नाही झालं तर सेटिंगमध्ये रिसेट धिस पीसीला कीप माय फाईल्स असा पर्याय आहे. कॉपी काढून घेतल्यावर हे सगळं करा, आणि फॉरमॅट त्याच्याही नंतर.

मॅकवाल्यांसाठी एका वाक्यात, ऑप्शन, कमांड, एस्केप दाबून फाईंडर निवडा आणि रिलाँच करा. काही शाळांमध्ये लिनक्सचे कॉम्प्युटर आहेत, ग्नोमचा डेस्कटॉप असेल तर तिथलं फाईल्स म्हणजे नॉटिलस, टर्मिनलमध्ये नॉटिलस लिहून पुढं डॅश क्यू दिलं की बंद होतं, परत उघडा. तिथं पण कारण बहुतेक वेळा तेच, नेटवर्कवरचं फोल्डर नाहीतर खराब पेनड्राइव्ह.

अजून एक, १४ ऑक्टोबर २०२५ ला मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा सपोर्ट बंद केला, तेव्हापासून हँग झालेल्या प्रत्येक कॉम्प्युटरला "आता हा जुना झाला, नवीन घ्या" असं सांगायची पद्धत पडलीय. सपोर्ट बंद म्हणजे सुरक्षेचे नवीन अपडेट बंद, त्याची काळजी करायलाच पाहिजे आणि नेटवर बँकेची कामं करणाऱ्यांनी तर नक्कीच, पण त्याने फोल्डर हँग होत नाहीत. ज्या मशीनमध्ये अजून जुनी फिरणारी हार्ड डिस्क आहे तिथं फक्त एसएसडी बसवली तरी फोल्डर उघडायच्या वेगात एवढा फरक पडतो की मालकाला मशीन बदलल्यासारखं वाटतं, खर्च नव्या कॉम्प्युटरच्या मानाने फार कमी. आणि स्क्रीनवर लाल खिडकी येऊन "तुमचा कॉम्प्युटर बिघडलाय, या नंबरवर फोन करा" असं आलं तर फोन करू नका, मायक्रोसॉफ्टच्या खऱ्या सूचनेत कधीच फोन नंबर नसतो. पैसे गेलेच तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाईनवर कळवा.

आमच्या धंद्यातल्या लोकांची अडचण मला माहितीये, गिऱ्हाईकाला मशीन संध्याकाळपर्यंत पाहिजे असतं, शोधण्यात दोन तास गेले तर त्याचे पैसे कुणी देत नाही, फॉरमॅटचे मात्र न बोलता देतात. म्हणून गिऱ्हाईकांनाही सांगणं आहे, कारण शोधायचे वेगळे पैसे द्या आणि ते देताना कुरकुर करू नका. आणि दुकानदार मित्रांना हात जोडून विनंती, फॉरमॅट करायच्या आधी डेस्कटॉप आणि डॉक्युमेंट्स मालकाला समोर बसवून उघडून दाखवा, त्याची कॉपी दुसऱ्या डिस्कवर काढा, ती त्याच्या हातात देऊन एक फाईल उघडून बघायला सांगा, आणि पावतीवर नुसतं "सर्व्हिसिंग" न लिहिता काय बिघडलं होतं ते लिहा, केबल असेल तर केबल, डिस्क असेल तर डिस्क. वाचकांनीही पावतीवर हे लिहून मागावं, तो तुमचा हक्कच आहे.

संपादक साहेब, आपल्या रविवारच्या पुरवणीत वाचकांच्या अशा कॉम्प्युटरच्या अडचणींसाठी छोटासा चौकोन सुरू करता आला तर बघा, एका आठवड्याला एकच अडचण आणि तिचा साध्या मराठीतला उलगडा. लिहून द्यायला मी तयार आहे, मोबदला नको.

आपला,
एक वाचक आणि कॉम्प्युटर दुरुस्ती करणारा